किती पडला वो, मॅडम?

पहिल्या सकाळी आमची नोंद आली १४० मिलिमीटर.

मी खूश. बाटलीच्या दोन्ही बाजूंना दोन पोरं उभी केली, फोटो काढला आणि केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिला. ‘उपक्रम : चला पाऊस मोजू या’. दहा मिनिटांत नऊ अंगठे आले. तेवढ्यात तिसरीतला सगळ्यात बारका पोरगा बाटलीकडे न बघता वर बघत म्हणाला, “मॅडम, ह्ये तर पत्र्याचं पाणी हाय.”

होतंच. वर्गातून नजर ठेवता यावी म्हणून बाटली मीच व्हरांड्याच्या कडेला ठेवली होती, नेमकी पन्हाळीखाली. छपराचा पाऊस एका बाटलीत उतरला होता. फोटो मागे घ्यायचा राहिला, कारण तोवर तो तालुक्याच्या ग्रुपवर पोचला होता आणि तिथे मोठ्या साहेबांनी ‘स्तुत्य’ असं लिहिलं होतं.

आमची शाळा लातूर जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी मोठ्या सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन पावसाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. त्या वर्षी तिसरीत नऊ पोरं होती आणि चौथीत अकरा. गाव सोयाबीनचं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पारावर, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत एकच विषय असतो: पेरायचं का थांबायचं? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण आपल्या शिवारात ७५ झाला हे कळायचं कसं? पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावी, आमच्यापासून अकरा किलोमीटरवर. आणि म्हातारी माणसं म्हणतात, मृगाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं राहतं. घाईनं पेरलं आणि पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी. पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं. त्यावरून घरात होणारी भांडणं आमच्या पोरांनी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेली असतात.

हे सगळं ध्यानात घेऊन मी काही योजलं होतं, असं मुळीच नाही. मी मिलिमीटर शिकवत होते. पट्टीवरची सगळ्यात बारकी रेघ. चौथीतल्या, किराणा दुकानवाल्याच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, टीव्हीवर सांगत्यात इतके मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस पट्टीनं मोजत्यात का?” मी “हो” म्हणाले आणि अडकले.

डी.एड.ला असताना अनुताई वाघांची कुरणशाळा आम्ही पाठ केली होती. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. पाच गुणांचा प्रश्न होता, मला चार मिळाले. पुढे २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला आणि आम्ही वर्गाच्या फरशा रंगवल्या, काड्यांचे दशक बांधले, टाकाऊ झाकणांवर अंक लिहिले. त्यानं पोरं शिकली, खोटं कशाला बोलू. पण पोरांना पक्कं ठाऊक असतं की ही आपल्यासाठी मांडलेली भातुकली आहे. काड्या चुकल्या तर पुन्हा मोजायच्या. चुकीनं कुणाचं काही अडत नाही.

तर ती बाटली.

थंडपेयाची दोन लिटरची बाटली गळ्याखाली कापायची आणि कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं वर बसवायचं. सोपं वाटतं. पण त्या बाटलीचा तळ पाच फुगवट्यांचा, फुलासारखा. पट्टी लावायची कुठून? मी सुचवलं की फुगवटे बुडतील इतकं पाणी आधीच भरू, त्या पातळीवर शून्याची रेघ मारू आणि तिथून वर मोजू. यावर वर्गात बंडच झालं. “आधीच पाणी भरल्यावर पाऊस जास्त दावंल की!” अर्धा वर्ग तिकडे गेला. त्यांची समजूत पटायला दोन दिवस गेले, आणि माझ्या बोलण्यानं ती पटली नाही. एका पोरानं घरी ताटात उभं राहून उंची मोजून बघितली. ताटावर उभा राहिला, पट्टी ताटापासून लावली, उंची तेवढीच आली. दुसऱ्या दिवशी त्यानं ते करून दाखवलं आणि वाद मिटला. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

जागा दुसऱ्यांदा पोरांनी ठरवली. ध्वजकट्ट्याच्या पुढे, मोकळ्यावर. लिंबापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असायला हवं, एवढं मी सांगितलं. पण लिंबाची उंची किती, हे त्यांनाच काढायचं होतं. त्यात एक अख्खी सकाळ गेली आणि त्या दिवशी भाषेचा तास झाला नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. मला वाटलं होतं अवघड म्हणजे बेरजा. तसं नव्हतं. बाटली एवढीशी, आभाळ एवढं मोठं. वर्गाचा ठाम विश्वास होता की मोठं भांडं ठेवलं तर मोठा आकडा येणार. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आणा भांडी. पोरांनी आणली: एक प्लॅस्टिकची बकेट, पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा, एक पितळी घागर (ती आजीला न विचारता आणली होती, हे संध्याकाळी कळलं). सगळी बाटलीशेजारी मांडली. पाऊस मात्र दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खिचडी वाढताना आला आणि कुणाचंही जेवणात लक्ष राहिलं नाही.

थांबल्यावर मोजलं. बाटलीत १२ मिलिमीटर. डब्यात १२. बकेटीत २२. घागरीत पट्टी जाता जाईना, ती बाद.

“बघा! बकेट मोठी, म्हणून जास्त.”

“मग डबा? डबा बाटलीपेक्षा केवढा मोठा हाय. त्यात का बारा?”

यावर जी शांतता पसरली ती मी शिक्षकी पेशात फार वेळा ऐकलेली नाही. वीस पोरं गप्प, आणि कंटाळून नव्हे. मला उत्तर येत होतं. ते जिभेच्या टोकावर धरून बसणं हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात कष्टाचं काम. घंटा झाली तरी उत्तर निघालं नाही. मी तसंच सोडलं. रात्री वाटलं, आपण पोरांना उगाच लटकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानवाल्याची मुलगी प्रार्थनेच्या आधीच दारात उभी. “मॅडम, आमच्या दुकानात बकेटी एकात एक बसत्यात. डबे बसत नाहीत.”

“बरं, मग?”

“म्हणजे बकेट वर रुंद हाय, खाली बारीक. वरनं जास्त पाऊस घेती आणि खाली जागा नाही. मग पाणी वर चढतंय. डबा वर जेवढा, खाली तेवढाच.”

मी तिला फळ्याजवळ नेलं आणि सगळ्यांना सांग म्हणाले. तिनं सांगितलं. निम्म्यांना कळलं, निम्म्यांना नाही. तिसरीतल्या काहींना ते वर्ष संपेपर्यंत कळलं नाही, तेही इथं लिहून ठेवते.

यानंतरची घडी भराभर बसली. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, म्हणून आम्हीही साडेआठला. शाळा भरते त्यानंतर, आणि रविवार-सुट्टी पावसाला कळत नाही. त्यामुळे शाळेजवळ राहणाऱ्या पोरांच्या पाळ्या लागल्या. मळ्यातल्या वस्तीवरच्यांना पाळी मिळेना, तर त्यांनी भांडून बेरजेचं काम घेतलं. डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, पाणी कडेला जरा वर चढलेलं दिसतं ते न धरता मधलं धरायचं, मोजून झाल्यावर पाणी शून्याच्या रेघेपर्यंत आणून ठेवायचं. दशांश अपूर्णांक अजून शिकवलेले नव्हते. पोरं सव्वातीन, साडेसात, पावणेदोन असं लिहायची, आणि त्यानं काही अडलं नाही. मृग कोरडाच गेला होता, त्यामुळे बेरीज पहिल्या पावसापासूनची होती. रस्त्याकडच्या भिंतीवर जुना फळा टांगला: आजचा पाऊस, एकूण पाऊस.

आणि मग गावानं तो फळा वाचायला सुरुवात केली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. सकाळी दूध घालायला जाणारी माणसं मोटारसायकल हळू करायची. पाण्याला निघालेल्या बाया विचारायच्या, “किती पडला वो, मॅडम?” एक आई मला म्हणाली, “पोरगं उठल्या उठल्या बाटलीकडं पळतंय. च्या बी पीना.”

एकूण ६१ झाले होते. सोमवारी ज्याची पाळी होती तो तिसरीतला मुलगा, स्वभावानं गरीब, कधी मध्ये बोलणारा नाही. रात्री थोडी भुरभुर झाली होती. त्यानं लिहिलं १७. एकूण ७८. फळ्यावर चढलं आणि पोरांनी ओरडून शाळा डोक्यावर घेतली, पंचाहत्तर झाले म्हणून.

साडेदहाच्या सुमाराला चौथीतली एक मुलगी हळूच माझ्याजवळ आली. पोह्यांचा डबा अजून तिथंच पडून होता, भांड्यांचा प्रयोग झाल्यापासून कुणी उचलला नव्हता. रोज मोजून झालं की पाळीवालं पोर तोही पालथा करून पुन्हा मांडायचं, एवढंच. “मॅडम, डब्यात बोटाचं टोक बी भिजना. बाटलीत सतरा कसं?” डब्यात आणि बाटलीत आकडा सारखाच येतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलेलं होतं. पट्टी लावली. डब्यात दोन.

मी विचारायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला. बाटलीत त्यानं बोरच्या नळाचं पाणी ओतलं होतं. का, तर “सगळ्यांच्या पाळीला पडतो. माझ्या पाळीला तीन येळा शून्य आला. आज बी निसती भुरभुर.”

गावातले एक आबा सकाळीच फळा वाचून गेले होते, हे मला माहीत होतं. ट्रॅक्टरवाल्याला बोलवायला निघालोय, असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याची पेरणी. बियाण्याची एक पिशवी केवढ्याला पडते हे मी शेतकऱ्याच्या घरातली असल्यामुळे मला कुणी सांगायला नको. पहिला विचार काय आला ते सांगते: फळा पुसावा, वहीवरचा १७ खोडरबरानं काढावा, २ लिहावा, आबांना मी एकटीनं जाऊन सांगावं आणि हा सगळा खेळ बंद करावा.

वही मी मागितली, तर दुकानवाल्याची मुलगी वही देईना. “पुसलं तर लोकं विचारतील, सकाळी अठ्ठ्याहत्तर व्हते ते कुठं गेले?” वर्गात बराच गोंधळ झाला. एक जण म्हणाला, ह्याला पाळीच द्यायची नाही. एक म्हणाली, दोघादोघांची पाळी लावा. शेवटी ठरलं ते असं: १७ पुसायचा नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी लिहायचं ‘बोरचं पाणी, धरलेलं नाही’, आणि खाली डब्यातले २. रेघ त्यानंच मारायची. आणि आबांकडे सगळ्यांनी जायचं.

गेलो. वीस पोरं आणि मी, भर उन्हात, बांधावरून. आबा वावरातच होते, हातात खुरपं. मी बोलायला सुरुवात केली, पण तो मुलगाच पुढे झाला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. आबांनी त्याला मातीतला खड्डा दाखवला. चार बोटं ओल, खाली खडखडीत.

“मला वाटलंच बाबा. ओल एवढी गेली नव्हती. पण फळ्यावर लिवलंय म्हणलं, आपलाच खड्डा चुकला असंल.”

ट्रॅक्टर त्यांनी थांबवला. शुक्रवारी रात्री दणकून झाला, २२. एकूण ८५, आणि चिखल ओसरून वापसा आल्यावर गावात पेरण्या सुरू झाल्या. त्या मुलाची पाळी चुकवली नाही, पण यापुढे कुणीच एकट्यानं मोजायचं नाही असं ठरलं. आबांचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. माणूस स्वतःच्या हातानं उकरलेल्या मातीपेक्षा आठ वर्षांच्या पोरानं खडूनं लिहिलेल्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो, आणि तो आकडा मी ‘उपक्रम’ म्हणून टांगला होता.

श्रावणात छपराचा हिशेब केला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे मी आधी सरळ सांगून टाकलं, कारण ताडपत्रीवर लिटरभर पाणी पसरून दाखवायचा प्रयत्न व्हरांड्याच्या उतारामुळे फसला आणि पाणी मोठ्या सरांच्या खुर्चीखाली गेलं. छपराखालची जागा पोरांनी टेपनं मोजली: १२ मीटर बाय ६. पावसाळ्याची लातूरची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. ७२ गुणिले ७०० हा गुणाकार चौथीला येतो. ५०,४०० लिटर.

आकडा बघून मला एकदम आठवलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वेळी ही पोरं रांगत असतील, नाहीतर जन्मलीही नसतील. त्यांनी ऐकलेलं फक्त आयांकडून. मी फळ्यावर दहा वाघिणी काढल्या आणि विचारलं, एका वाघिणीत किती? त्यांनी भागलं. मग एक जण उठून दारात गेला आणि पत्र्याकडे बघत राहिला. आमच्या छपरावरून दर पावसाळ्यात त्या गाडीतली एक वाघीण ओघळून गटारात जाते. पन्हाळीला टाकी जोडा, असा पोरांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. टाकी अजून आलेली नाही. अर्जातलं शुद्धलेखन मी तपासलं होतं एवढं खरं.

सप्टेंबरात सोयाबीन काढणीला आलं आणि एका रात्री आभाळ फाटलं. सकाळी साडेआठला दोघींची पाळी होती. ७१. दोघींनी तीनदा मोजलं, डब्याशी ताडून बघितलं. डबा आता कायमचा साक्षीदार झाला होता. वावरात कापून टाकलेल्या सोयाबीनचे ढीग पाण्यात होते, उभ्या पिकाच्या शेंगांना पुढे कोंब फुटले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण मोजायचं ते मंडळाचं. मंडळाच्या यंत्रात त्या दिवशी ५८ आले.

दुपारी सात-आठ माणसं शाळेत आली. वही द्या, नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडतो म्हणाली. मला सांगावं लागलं की ही बाटली आहे, सरकारी मोजमाप नाही. मागून त्या दोघींपैकी एकीनं विचारलं, “मग आम्ही खोटं मोजलं का?”

मी म्हणाले, खोटं नाही, यंत्र तिकडं आहे आणि बाटली इकडं, दोन्हीकडचा पाऊस वेगळा. ती म्हणाली, “मग नुकसान बी इकडंच झालंय की.” माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. भांड्यांच्या वेळी मी गप्प बसले होते ते उत्तर माहीत असून. या वेळी माहीत नसल्यामुळे गप्प बसले, आणि हा फरक पोरांना लगेच कळतो.

आठवड्यानं तलाठी आले. सरकारनं त्यांचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण गावात तलाठीच म्हणतात. वावरं फिरून झाल्यावर चहाला शाळेत टेकले. कुणीतरी त्यांच्या कानावर वहीचं घातलं असणार. “बघू,” म्हणाले. मला वाटलं दोन पानं चाळून ‘छान छान’ म्हणतील.

ते पहिल्या पानापासून वाचत गेले. शून्य, शून्य, साडेसात, शून्य. जूनच्या एका पानावर थांबले आणि चष्मा वर केला.

“हे सतराचं का खोडलंय? ही रेघ कुणी मारली?”

मी काही बोलणार तेवढ्यात तो मुलगा जागेवर उभा राहिला.

“म्या. ते पाणी बोरचं व्हतं.”

तलाठ्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पानं उलटत सप्टेंबरापर्यंत आले, ७१ ची ओळ बोटानं धरली, दुसऱ्या हातानं खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, “पोरांनो, जरा उजेडात धरा रे ही वही.”